९०.४ वरची खरखर: सामुदायिक रेडिओ केंद्राच्या प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२५

काम एकच: दक्षिणेकडच्या वाड्यावस्त्यांवर आवाज का फुसफुसतो ते शोधायचं आणि पावसाळ्याआधी जमेल तेवढं दुरुस्त करायचं. केंद्र एफएम ९०.४ मेगाहर्ट्झवरचं, सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, एका संस्थेने चालवलेलं. प्रक्षेपण सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री ९, म्हणजे दिवसाला १० तास.

७ एप्रिल, सोमवार

सुरुवातीची मापं. ट्रान्समीटर ५० वॅटचा. मीटरवर फॉरवर्ड (अँटेनाकडे जाणारी वीज) ५०, रिफ्लेक्टेड (तिकडून परत फिरणारी) ०.६ वॅट, म्हणजे एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, एक म्हणजे उत्तम) सव्वाच्या आसपास. यात तक्रारीला जागा नाही. टॉवर ३० मीटरचा, तणाव्यांवर (ताणलेल्या तारांवर) उभा. सामुदायिक केंद्राला जमिनीपासून अँटेनाची कमाल उंची तेवढीच मिळते, किमान १५ मीटर. अँटेना दोन डायपोलची (डायपोल म्हणजे दोन दांड्यांची साधी अँटेना), एकाखाली एक. मुख्य केबल अर्धा इंची, फोम भरलेली, लांबी ३८ मीटर.

हिशेब मांडून ठेवला. ही केबल ९० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २.१ डेसिबल खाते. ३८ मीटरला ०.८, कनेक्टरचे ०.१ धरले तर वर पोचतात ४०-४१ वॅट. दोन डायपोलचा फायदा ३ डेसिबल (झोत आडवा एकवटतो, ताकद जवळपास दुप्पट), म्हणजे परिणामी ताकद ८० वॅटच्या आसपास. परवान्याची मर्यादा १०० वॅट. (साध्या काळ्या आरजी-२१३ केबलवर हाच हिशेब केला तर निम्म्याच्या जवळपास वीज केबलमध्येच जिरते. स्वस्त केबल घेणाऱ्या नव्या केंद्रांनी हे आधी बघावं.)

बैठकीत दर वेळी निघणारा मुद्दा: "वॅट वाढवून घ्या." खास परिस्थितीत २५० वॅटपर्यंत परवानगीची तरतूद आहे, पण तो कागदोपत्री लांबचा रस्ता. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून पल्ला दुप्पट होत नाही. जमिनीलगत तो जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढतो. हातात असलेले ८० वॅट कुठे गळतात ते आधी बघायचं ठरलं.

११ एप्रिल, शुक्रवार

फिरती चाचणी. मोटारसायकलवर तीन संच: दोन सेलचा खिशातला रेडिओ, एक जुना टेबल रेडिओ बॅटरीवर, आणि इअरफोन लावलेला मोबाईल. चारही दिशांना दर किलोमीटरला थांबून, इंजिन बंद करून, रेडिओ छातीच्या उंचीवर धरून ऐकायचं. इंजिन चालू ठेवलं तर प्लगच्या ठिणगीची टरटर मिसळते आणि नोंद वाया जाते. गुण ५ ते १: पाच म्हणजे स्वच्छ, तीन म्हणजे शब्द कळतात पण फुसफुस आहे, एक म्हणजे फक्त खरखर.

उत्तरेला ९ किलोमीटरपर्यंत चार गुण. पूर्व-पश्चिम ८ पर्यंत चार. दक्षिणेला ६ किलोमीटरनंतर तीन, ८ ला दोन. दक्षिणेला डोंगर नाही, माळ सपाट आहे. म्हणजे दोष भूगोलाचा नाही, आपलाच कुठेतरी आहे.

८ किलोमीटरच्या थांब्यावरून केंद्रात फोन करून ट्रान्समीटर स्टिरिओवरून मोनोवर घ्यायला सांगितला. फुसफुस तिथल्या तिथे खाली बसली, दोनाचे तीन गुण. कारण साधं आहे. स्टिरिओत डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (जोडीच्या लहरीवर) बसून जातो, आणि एफएममध्ये जसजसं वर जावं तसा गोंगाट वाढत जातो. कमकुवत सिग्नलवर स्टिरिओचा तोटा २० डेसिबलच्या घरात जातो. आपल्या श्रोत्यांच्या बहुतेक संचांना एकच स्पीकर आहे. त्यांना स्टिरिओचा काहीच उपयोग नाही.

निर्णय: कायम मोनो. इथे एक गफलत होते. मिक्सरमध्ये दोन्ही बाजूंना तोच आवाज दिला की मोनो झालं, असं समजलं जातं. ट्रान्समीटरचा १९ किलोहर्ट्झचा पायलट (स्टिरिओची खूण देणारा सूर) चालू असेपर्यंत ऐकणाऱ्याचा स्टिरिओ संच स्टिरिओच उलगडत राहतो आणि फुसफुस तशीच राहते. पायलट मेनूतून बंद करायचा. तो गेला की त्याने अडवलेली जागाही आवाजाला मिळते.

मोबाईलची वेगळी नोंद. एफएममध्ये इअरफोनची तार हीच अँटेना. ब्लूटूथवाल्या श्रोत्याला "स्टेशन लागत नाही" असंच दिसतं. अनेक नव्या फोनमध्ये एफएमची सोयच दिलेली नसते. तक्रारवहीत संचाचा प्रकार लिहिण्यासाठी रकाना वाढवला.

१६ एप्रिल, बुधवार

आवाजाची पातळी. गेल्या महिन्याच्या २० फायली तपासल्या. बचत गटाच्या मुलाखती मोबाईलवर घेतलेल्या, त्यांची सरासरी उणे २८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जवळ तितकं मोठं). जिंगल उणे ११. श्रोता मुलाखतीला आवाज वाढवतो आणि पुढच्या जिंगलला दचकतो. आता सगळं बोलणं उणे १८ वर, वरचं टोक उणे ३ डेसिबल. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, एका फायलीला अर्धा मिनिट लागतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या मुलाखती आधी वेव्हमध्ये बदलून घ्यायच्या आणि शेवटपर्यंत वेव्हच ठेवायच्या. दर टप्प्यावर एमपी३ केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

दुसरी तक्रार "स फाटतो" अशी. ती खरी निघाली. भारतात एफएमला ५० मायक्रोसेकंदाचं प्री-एम्फसिस असतं, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम उचलून पाठवायचे आणि ऐकणाऱ्याच्या संचाने ते परत दाबायचे. ही उचल ५ किलोहर्ट्झला साडेपाच डेसिबल, १० ला दहाच्या वर. मीटरवर आवाज मर्यादेत दिसतो, पण स, श, च आले की उचलीनंतर ते ७५ किलोहर्ट्झच्या विचलनाबाहेर (एफएमच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर) जातात. लिमिटर (आवाज मर्यादेत रोखणारा) मिक्सरनंतर लगेच बसवला होता. तो प्री-एम्फसिसच्या आधी असल्यामुळे त्याला हे कळतच नव्हतं. ट्रान्समीटरच्या आतला लिमिटर सुरू केला, तो उचलीनंतर काम करतो. बाहेरच्या कॉम्प्रेसरचं (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणाऱ्या यंत्राचं) प्रमाण ३:१ वर आणलं.

चाचणीचं वाक्य भिंतीवर चिकटवलं: "सासूबाई शेजारच्या शेतात शेंगा सोलत सकाळपासून बसल्यात." प्रत्येक निवेदकाने रोज माईक उघडण्याआधी म्हणायचं, माईक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका. समोरून बोललं की प आणि फ चे फटके बसतात.

२४ एप्रिल, गुरुवार

स्टुडिओ. खोली १० बाय १२ फूट, भिंती गुळगुळीत. टाळी वाजवली की टर्रकन उमटते. समोरासमोरच्या भिंतींत आवाज येरझाऱ्या घालतो. २ इंची रॉकवूलच्या ४ बाय २ फुटांच्या आठ चौकटी, मागे २ इंच पोकळी, वरून सुती कापड. चार बोलणाऱ्याच्या समोर आणि मागे, दोन बाजूला, दोन छताला टेबलाच्या वर. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

अंड्याचे ट्रे लावू नयेत. बोलण्याचा जो जाड भाग घुमतो त्यावर त्यांचा परिणाम जवळपास शून्य, धूळ भरते, आणि ठिणगी पडली तर भसाभस पेटतात. पैसे नसतील तर घरची वाकळ बरी. दोरीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगायची. भिंतीला चिकटवली तर निम्मा गुण जातो.

पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची गुणगुण माईकच्या तारेत येत होती. पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला, ती थांबली.

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी ट्रान्समीटर आपोआप ३८ वॅटवर उतरतो. उष्णता. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) ७२ अंश. पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर, बोटाने निघण्याइतका. जाळी धुतली, हीटसिंक ब्रशने झाडली, मागची भिंत आणि ट्रान्समीटर यात एक हात जागा केली. ५८ अंश, ५० वॅट. दर १५ दिवसांनी जाळी, तारीख टाकून सही.

३ मे, शनिवार

वळवाच्या आधी अर्थिंग. टेस्टरवर टॉवरचा अर्थ ११ ओम निघाला. जमीन मुरमाड आणि कोरडी, जुना खड्डा कोळसा-मिठाचा. मीठ पावसागणिक धुपतं आणि पाइप खातं. ३ मीटरच्या तांब्याचा मुलामा असलेल्या दोन सळया घेतल्या, त्यांच्यात ३ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवलं. सळया लांबीपेक्षा जवळ ठोकल्या तर दोघी मिळून एकीचंच काम करतात. भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती), वर पाणी घालायला तोंड ठेवलं. दोन्ही पट्टीने जोडून ३.८ ओम.

यापेक्षा महत्त्वाचं काम जोडणीचं. टॉवरचा अर्थ, विजेच्या मीटरचा अर्थ आणि स्टुडिओचा अर्थ असे तीन वेगवेगळे होते. "रेडिओचा अर्थ स्वतंत्र हवा" हा समज बऱ्याच वायरमन लोकांचा असतो. वीज टॉवरवर पडली की तिथला अर्थ क्षणभर हजारो व्होल्ट वर जातो, स्टुडिओचा जागेवरच राहतो, आणि तो फरक केबलच्या जाळीतून, म्हणजे ट्रान्समीटर आणि मिक्सरमधून वाट काढतो. तिन्ही एका पट्टीवर आणले. केबलची बाहेरची जाळी तीन ठिकाणी अर्थला बांधली: वर, टॉवरच्या पायाशी, आणि खिडकीत शिरण्याआधी.

ढग दाटले की करायचा क्रम दारावर लावला: आधी ट्रान्समीटर बंद, मग मेनचा प्लग बाहेर, मग अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेरच्या अर्थच्या टोकाला. क्रम उलटा झाला आणि केबलविना ट्रान्समीटर सुरू राहिला तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही, जे झालं नाही ते राहू द्यायचं.

२७ मे, मंगळवार

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला. रिफ्लेक्टेड पॉवरच्या नोंदी: २० मे ०.७ वॅट, २३ मे २.१, आज सकाळी ४.८. ट्रान्समीटरने स्वतःला २८ वॅटवर ओढलं आहे. ४.८ हा आकडा ओढण्याआधीच्या ५० वॅटवरचा: ४.८ भागिले ५०, म्हणजे एसडब्ल्यूआर दोनच्या जवळ. दुपारी ऊन पडल्यावर आकडा २ वर आला, संध्याकाळच्या सरीनंतर परत ४ च्या वर. उन्हात उतरतो आणि पावसात चढतो, याचा अर्थ कुठेतरी कनेक्टरमध्ये पाणी आहे.

खाली करायची तपासणी आजच केली. ट्रान्समीटरच्या तोंडाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी वीज जिरवणारा) लावला: रिफ्लेक्टेड शून्य. ट्रान्समीटर निर्दोष. बाकीचं वर चढल्याशिवाय कळणार नाही, आणि ओल्या टॉवरवर चढायचं नाही. तोवर ट्रान्समीटर २० वॅटवर.

३० मे, शुक्रवार

कोरडा दिवस मिळाला, वारा कमी. ट्रान्समीटर बंद, प्लग बाहेर, ट्रान्समीटरच्या खोलीची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात. पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन दोऱ्या, एक सुटायच्या आधी दुसरी अडकलेली. खाली हेल्मेट घातलेला एक माणूस, बाकी कोणी टॉवरखाली नाही. हत्यारं दोरीने बांधलेली.

मुख्य केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड लावून, खाली उतरून माप घेतलं: रिफ्लेक्टेड ०.१ वॅट. केबल चांगली. मग परत सगळं बंद करून वर, स्प्लिटरपासून (वीज दोन डायपोलना वाटणाऱ्या भागापासून) डायपोलकडे जाणाऱ्या दोन छोट्या केबली. खालच्या डायपोलचा एन कनेक्टर उघडला तर आतून चमचाभर पाणी निघालं. मधल्या पिनवर हिरवा गंज. केबलचं आवरण कापत मागे गेलं तर तांब्याची जाळी २० सेंटिमीटरपर्यंत काळी पडलेली, बोटाने चोळल्यावर भुकटी होणारी.

चूक टेपच्या दिशेत. नुसती काळी पीव्हीसी टेप, तीही वरून खाली गुंडाळलेली. अशा गुंडाळीत प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहते आणि ओघळणारं पाणी आत घेते. कौलं वळचणीकडून आढ्याकडे रचत नेतात तशीच टेप खालून वर न्यायची, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी घरंगळतं.

केबल ३० सेंटिमीटर कापावी लागली. इथे दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची: दोन्ही डायपोलच्या केबली सारख्याच लांबीच्या हव्यात. या केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा सावकाश, ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून ३० सेंटिमीटर कापले की ते ४५ धरावे लागतात. ९०.४ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३.३२ मीटर, म्हणजे ४९ अंशांचा फरक. एकच कापली तर झोत आडवा न जाता तिरका होतो आणि थोडी ताकद आभाळात किंवा जमिनीत जाते. दुसरी केबल चांगली असूनही तेवढीच कापली.

नवे कनेक्टर, आणि आवरण असं: आधी पीव्हीसी टेपचा एक पातळ थर, पुढच्या वेळी उघडताना कनेक्टर चिकट होऊ नये म्हणून. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून जवळपास दुप्पट लांब करत, खालून वर, दोन थर. न ताणता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही. वरून उन्हाला टिकणारी पीव्हीसी टेप, शेवटचा वेढा न ताणता, नाहीतर टोक सुटतं. डायपोलपाशी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब कनेक्टरकडे न जाता झोळातून गळतो. खिडकीपाशीही तसाच झोळ. सिलिकॉन लावायचंच तर तटस्थ प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

वर असतानाच दक्षिणेचं कोडंही सुटलं. अँटेना टॉवरच्या उत्तरेच्या पायावर (उभ्या खांबावर), टॉवरपासून फक्त ४० सेंटिमीटरवर बसवलेली आहे. दक्षिणेकडे बघितलं तर पूर्ण लोखंडी टॉवर तिच्यासमोर, इतक्या जवळ की तो सिग्नलच्या आड येतो. बसवणाऱ्याला शिडी उत्तरेला असल्यामुळे तिथे हात पोचत होता, एवढंच कारण दिसतं. आज ब्रॅकेट नव्हते. बनवायला दिले: पाव तरंगलांबी म्हणजे ८३ सेंटिमीटर, ते ८५ च्या लांबीचे, गॅल्व्हनाइज केलेले.

संध्याकाळी ४ ला प्रक्षेपण पूर्ण ताकदीवर. रिफ्लेक्टेड ०.४.

७ जून, शनिवार

वीज. पावसात फीडर पडला की तीन-तीन तास येत नाही. इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या, कागदावर ३६०० वॅट-तास. ६० टक्केच वापरायची, इन्व्हर्टरचा तोटा १५ टक्के, हातात येतात १८०० च्या आसपास. भार ४०० वॅट: ट्रान्समीटर १३०, दोन संगणक १६०, मिक्सर-प्रोसेसर ६०, दिवा-पंखा ५०. साडेचार तास चालायला हवं. प्रत्यक्ष चाचणीत दोन तास दहा मिनिटं.

भार असताना एकेक बॅटरी मोजली: एक १२.१ व्होल्ट, दुसरी १०.४. हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजायच्या नळीवर) दुसरीतला एक कप्पा १.१४०, बाकीचे १.२३० च्या वर. मालिकेत जोडलेल्या बॅटऱ्यांत कमजोर असते तीच वेळ ठरवते. एकच बदलली तर नवी जुनीच्या मागे लागून लवकर म्हातारी होते, म्हणून दोन्ही बदलल्या. पाण्याची पातळी दर महिन्याला, फक्त डिस्टिल्ड पाणी.

इन्व्हर्टरवर गेलं की मिक्सरमध्ये किरकिर येते ती वेगळी. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. शुद्ध साइन लहरीचा घेईपर्यंत यावर इलाज नाही, मागणी लिहून दिली. दरम्यान मुख्य संगणक छोट्या यूपीएसवर, कारण वीज बदलताना तो परत सुरू व्हायचा आणि चार मिनिटं केंद्र गप्प राहायचं.

१४ जून, शनिवार

ब्रॅकेट आले. अँटेना दक्षिणेच्या पायावर, टॉवरपासून ८५ सेंटिमीटर, उंची तीच. रिफ्लेक्टेड ०.५. उत्तरेला थोडं कमी होणार हे गृहीत धरलं. तिकडे वस्ती जवळच संपते आणि पुढे वनखात्याची जमीन आहे.

२४ जून, मंगळवार

वारीची तयारी. आषाढी ६ जुलैला, दिंड्या आपल्या क्षेत्रातून जातात. काय बोलता येतं ते निवेदकांना परत समजावलं. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. पण हवामान, वाहतूक, पाणी, वीज, आरोग्याची सूचना, आपत्तीचा इशारा हे बातमीत मोडत नाही. टँकर कुठे उभा आहे, कोणता रस्ता बंद आहे, हे सांगायला कोणी अडवत नाही. टँकर का आला नाही यावर राजकीय चर्चा सुरू झाली की आपण हद्द ओलांडली.

चुकलेल्या माणसाची चिठ्ठी कशी लिहायची याचा नमुना केला. पहिली ओळ दिंडीचा क्रमांक, आणि रथापुढे की रथामागे. नाव, गाव, लुगड्याचा किंवा फेट्याचा रंग त्यानंतर. गर्दीत "पांढरा सदरा, टोपी" याचा काडीचा उपयोग नाही, तिथे सगळेच पांढऱ्या सदऱ्यात. क्रमांक एकेक आकडा सुटा वाचायचा आणि मग एकत्र: "एक, चार, दोन. एकशे बेचाळीस." दोनदा, मध्ये पाच सेकंद थांबून, कारण ऐकणारा पहिल्या वेळी कान टवकारतो आणि दुसऱ्या वेळी ऐकतो. कोणाचाही खासगी फोन नंबर हवेत जाणार नाही. मदत केंद्राचं ठिकाण सांगायचं.

३ जुलै, गुरुवार

फोनवरचे कार्यक्रम. तक्रार: बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो आणि तो अडखळतो. फोनकडे जाणाऱ्या मिश्रणात त्याचाच चॅनेल होता. मिक्सरची ऑक्स-१ वाट (मुख्य मिश्रणापासून वेगळी निघणारी) फोनला दिली, प्री-फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या कळीच्या आधीची. निवेदकाचे माईक त्या वाटेवर उघडे, फोनच्या चॅनेलची ऑक्स-१ कळ शून्यावर, आणि तिच्यावर लाल टेप लावली, कारण कोणीतरी ती रोज सरळ करायचं.

दुसरा त्रास म्हणजे शिट्टी. बोलणाऱ्याचा रेडिओ शेजारीच चालू असतो. फोन उचलणाऱ्याचा पहिला प्रश्न "नाव काय" नसून "रेडिओ बंद केला का" हा. मोबाईल मिक्सरपासून किमान हातभर लांब, नाहीतर टिकटिक येते.

१५ जुलै, मंगळवार

साठवण. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं बंधन आहे. १२८ केबीपीएसने तासाला ५८ एमबी, दिवसाचे १० तास, ९० दिवस, म्हणजे ५२ जीबी. एवढं पेन ड्राइव्हवर मावतं, म्हणून हार्ड डिस्क भरली ही सबब चालणार नाही. रेकॉर्डिंग मिक्सरवरून नव्हे, खोलीत ठेवलेल्या रेडिओवरून घ्यायचं. मिक्सरवरून घेतलं तर ट्रान्समीटर बंद असतानाही फायलीत कार्यक्रम दिसतो. हाच रेडिओ आता शांततेचा पहारेकरीही आहे: ३० सेकंद आवाज नसला की संगणक घंटा वाजवतो.

जाहिराती. फेब्रुवारी २०२४ च्या बदलानंतर तासाला १२ मिनिटांची मुभा, आधी ७ होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये. मिनिटाचे ४४४ होतात. आपल्याकडे तासाला दीड मिनिटही भरत नाही, त्यामुळे १२ मिनिटांच्या मुभेवर अंदाजपत्रक आखू नये, असं हिशेबनीसाला लिहून कळवलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रामसभेचं चित्रीकरण. सामुदायिक दूरचित्रवाणी असा वेगळा परवानाच आपल्याकडे नाही, त्यामुळे चित्र गावातल्या केबलवाल्याला द्यायचं. कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५०. शटर १/६० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकतात, कारण वीज ५० हर्ट्झची. आवाज कॅमेऱ्यावर नाही, टेबलावरच्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन टाळ्या. पहिली जुळवून दोन तासांनी पाहिलं तर ओठ आणि शब्द पाच फ्रेमनी सुटलेले, म्हणजे ०.२ सेकंद. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी. शेवटच्या टाळीवरून आवाजाची लांबी ताणून जुळवली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

परत फिरती चाचणी, तेच संच, तेच थांबे, सेल नवे. दक्षिणेला ८ किलोमीटरला चार गुण, ९ ला चार, १० ला तीन. पूर्व-पश्चिम जसंच्या तसं. उत्तरेला ९ ला चाराचे तीन. खिशातला रेडिओ पत्र्याच्या घरात एक गुण खाली जातो. दारात किंवा खिडकीत ठेवा, ही सूचना सकाळच्या पहिल्या निवेदनात घातली.

दक्षिणेच्या एका वस्तीत मात्र अजून दोनच गुण. १०० मीटरवर विजेचा ट्रान्सफॉर्मर, तिथे रेडिओ धरला की करकर येते, चढउतार पावसाप्रमाणे. हा इन्सुलेटरचा दोष असावा. खांबाचा क्रमांक लिहून वीज कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली.

बाकी राहिलेलं: साइन लहरीचा इन्व्हर्टर. टॉवरचे तणावे ऑक्टोबरात, ऊन पडल्यावर, टर्नबकलला (तार ताणायच्या स्क्रूला) ग्रीस घालून. वरच्या डायपोलचा कनेक्टर मेनंतर उघडून पाहिलेला नाही, तो त्याच चढाईत.